पट्टी बांधलेला अंगठा

काम तसं क्षुल्लक होतं. पानांच्या कडा तेवढ्या कापायच्या होत्या.

स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची नेटकी ई-पुस्तकं करून फुकट वाटणारी काही हौशी मंडळी होती. तो त्यांतलाच एक. उमेद होती तोवर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. तिथल्या यंत्रात सापडून डाव्या अंगठ्याचं नख कायमचं दुभंगलेलं. बायको वाचनालयात बसून, कॅमेऱ्याखाली एकेक पान दाबून धरून फोटो काढी; तो घरी मजकूर तपाशी. मूळ पुस्तकाला त्याचा हात कधी लागत नसे. शेवटच्या पुस्तकाची दोनशे बारा पानं तिनं एका दुपारी टिपली, प्रत परत केली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

सात पानांवर तिचा उजवा अंगठा आला होता. त्या सकाळीच सुरीनं कापलेला, पट्टी बांधलेला.

"भाऊ, ते अंगठे काढा आता," मंडळाच्या प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या. "आठ महिने झाले. उद्या पुस्तक सोडू या. वहिनींचं नाव पहिल्याच पानावर घालतेय."

"असू दे की. पानाला काय खुपतोय तो?"

"वाचणाऱ्याला वाटेल, कुणी पुस्तक हिसकावून घेतंय!" त्या हसल्या, आणि त्यांनी घाईनं फोन ठेवला.

भर दुपारी पडदा ओढून तो संगणकापुढे बसला. सात अंगठे कापून झाले. मग सवयीनं त्यानं पानं पुन्हा चाळली. एकशे चाळीसच्या कडेला अंगठा होता.

हे पान तर स्वच्छ होतं... त्यानं तोही कापला. एकशे साठवर पुन्हा निघाला. खोलीत मलमाचा मंद वास येत होता.

त्यानं फोन लावला. "बाई... तुमच्याकडचं एकशे साठ बघता जरा?"

"बघितलं. स्वच्छ आहे. का हो?"

"काही नाही... डोळे दमले असतील."

एकशे नव्वदवर पट्टी सैल झालेली. दोनशे दहावर पट्टीच नव्हती. जखम भरून नवी, गुलाबी कातडी आली होती. तिला एवढे दिवस मिळाले कुठे होते? तो अंगठा त्याच्यानं कापवेना.

दोनशे बारा संपलं, तरी पुढच्या पानाचा बाण दिसतच होता. त्यानं तो दाबला.

कोरं पान. उजव्या कडेला तिचा अंगठा. डाव्या कडेला दुसरा एक, पान सपाट धरून ठेवणारा. त्याचं नख दुभंगलेलं.

त्यानं हळूच आपला डावा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या पेरावर जुन्या कागदाची पिवळट भुकटी लागली होती.