बारा जोड, तीन रेघा

सोमवारी सकाळी दहा वाजता चाचणीच्या कपाटाखाली हिरवं पाणी सापडलं. चांगलं थारोळंच साचलं होतं.

यंत्रं थंड ठेवणाऱ्या नळ्यांचे बारा नवे जोड शुक्रवारपासून त्या कपाटात गरम पाण्यावर चालत होते. जुन्या जोडापेक्षा निम्मे लहान. तीन गळले होते, नऊ ठणठणीत कोरडे.

साडेदहाला मॅनेजरांच्या टेबलावर कागद तयार: "दोष रचनेत आहे." जोड जिने रेखाटला, तिची सही तेवढी बाकी होती. सही झाली की साचा भंगारात आणि ती घरी.

"इथे करा सही," असं म्हणत मुख्य डिझायनरांनी खिशातली डागाळलेली स्टीलची पट्टी काढली आणि कागदाच्या तळाशी रेघ आखली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. वाणसामानाच्या यादीलाही पट्टी लावणारा माणूस! गेली वीस वर्षं प्रत्येक यंत्रात बसणारा तो जाडजूड जोड त्यांचाच.

"नाही करत," ती म्हणाली. "रचनाच चुकली असती, तर नऊ कोरडे कसे?"

"बाई, हट्ट सोडा."

"सोडणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या. खोट्याखाली माझं नाव येणार नाही."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजेपर्यंत विचार करा. नाहीतर कागद सहीशिवाय वर जाईल."

चाचणीची खोली जिच्या ताब्यात होती, ती तपासनीस नेमकी तिची नणंद. नणंद-भावजय म्हटलं की लोक भांडणाची वाट बघत बसतात, आणि या दोघी त्यांना क्वचितच निराश करत. त्याच सकाळी डब्याच्या झाकणावरून वाजलं होतं. पण कामातल्या लबाडीची नणंदेला मनापासून चीड होती.

तिने गळका जोड उघडला. आतली रबरी रिंग खाचेबाहेर येऊन चिमटली होती. परत बसवू गेली, तर बसेना. कोऱ्या रिंगेशेजारी ठेवली, तर चांगली मोठी दिसत होती. शिवाय बोटं बुळबुळीत झाली.

तिने फिटरकाकांना बोलावलं.

"काका, रिंग बसवताना काय लावता?"

"हेच हिरवं पाणी. या रबराला तेल, ग्रीस वर्ज्य. फुगतं ते. तुमच्या वहिनींनी तशी ताकीदच दिली होती सगळ्यांना."

"बाराही जोडांना?"

"बाराही. आवळल्यावर नटापासून नळीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट कुणी हलवला तर रेघ तुटते."

"सगळ्या रेघा तुमच्याच?"

"मग कुणाच्या? हात थरथरतो म्हणून लोक हसतात, हसू देत."

"पाणी कधी भरलं?"

"शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर खोलीला कुलूप होतं. किल्ल्या तीनच. तुमची, मॅनेजरांची आणि डिझाइन विभागाची."

नणंदेने भिंग घेतलं आणि बाराही रेघा पाहिल्या. तीन गळक्या जोडांवर ती जरा जास्तच थांबली.

पावणेचारला सगळे कपाटापाशी जमले.

"गुरुजी, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कुठे होता?"

"माझ्या टेबलावर."

"जोडांना हात लावलात?"

"मी कशाला? फिटरचं काम फिटरने करावं."

मॅनेजर कुरकुरले. "घरच्या माणसाला वाचवायला निघालात तुम्ही."

"मग भिंग तुम्हीच धरा, साहेब. रेघा बघा."

मॅनेजरांनी वाकून पाहिलं. "या नऊ वाकड्यातिकड्या. आणि या तीन... सरळ?"

"काकांचा हात नऊदा थरथरला आणि तीनदाच थांबला? सुट्टीत कुणीतरी तीन रेघा पुसल्या, जोड उघडले, रिंगांना ग्रीस चोपडलं, नट आवळले आणि रेघा नव्याने मारल्या. शनिवार-रविवार गरम पाण्यात रबर फुगलं आणि रिंगा बाहेर आल्या. ग्रीसने रबर फुगतं हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण बोटभर नटावरसुद्धा पट्टी लावल्याशिवाय रेघ मारता येत नाही, असा माणूस एकच. गुरुजी, पट्टी दाखवा."

गुरुजींचा हात खिशावर गेला तो तिथेच राहिला. मॅनेजरांनी स्वतः पट्टी काढून घेतली. कडेला वाळलेला पिवळा रंग होता.

"वीस वर्षांत माझा जोड एकदाही गळला नाही!" गुरुजी ओरडले.

"नाहीच गळला," वहिनी म्हणाली. "त्याच्यावरूनच शिकले मी. शाबासकी द्यायची, तर माझा गळवलात?"



काकांनी तीन कोऱ्या रिंगा हिरव्या पाण्यात बुडवून बसवल्या आणि आपल्या नेहमीच्या वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या. दाबाचा काटा चढला आणि जिथल्या तिथे उभा राहिला; थेंबही गळला नाही.

वहिनीने तो कागद उचलला. "दोष रचनेत आहे" हे शब्द खोडले, वर लिहिलं, "ग्रीस मी लावलं," आणि कागद गुरुजींपुढे ठेवला.

"इथे करा सही," ती म्हणाली. "रेघ तुम्हीच आखून ठेवली आहे."