दहा शहरांची यादी

लायल थीसनने आत आल्या आल्या डावा हात पुढे केला आणि मर्व्हचा उजवा हात हवेतच राहिला.

"ती खुर्ची घ्या, कॅप्टन," नेटी ह्रिन्को म्हणाली. "दुसरी मर्व्हखाली मोडायच्या बेतात आहे."

मर्व्ह बोचारने बावीस वर्षं आइस हॉकीत गोलीचं, म्हणजे गोलरक्षकाचं, काम केलं होतं. त्यात गुडघे गेले, पुढचे चार दात गेले, आणि नेटीच्या मते थोडी अक्कलही. आता तो तिची गाडी चालवायचा, कॉफी करायचा आणि तिच्या प्रश्नांना चुकीची उत्तरं द्यायचा. नेटीने वीस वर्षं विमा कंपनीत खोट्या आगी पकडल्या होत्या; आता ती स्वतःचा तपासाचा धंदा चालवायची. माणूस खोटं बोलतो याचं तिला नवल राहिलं नव्हतं, रागही नव्हता.

लायलला सास्काटूनमध्ये कोण ओळखत नव्हतं? चौदा वर्षं एकच संघ, त्याचाच कॅप्टन, निळ्या जर्सीवर एकोणीस नंबर. महिनाभर तळ्याकाठी राहून तो चांगला रापला होता. उजवा हात मात्र कोपरापासून खाली पिठासारखा पांढरा होता. मर्व्हला ते दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं.

"क्लबने मला डॅलसच्या संघात पाठवलंय," लायल म्हणाला.

"पेपरात वाचलं."

"डॅलस माझ्या यादीत होतं."

हॉकीच्या लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली आहे. तिला सगळे कॅप म्हणतात, आणि तिच्या नावाने बोटं मोडतात. तीन वर्षांपूर्वी कोल्बी रँड या नव्या पोराला ठेवायला कॅपमध्ये जागा उरली नव्हती. तेव्हा लायलने आपल्या पगारातले वर्षाला वीस लाख डॉलर सोडून दिले. बदल्यात क्लबने त्याला एक हक्क लिहून दिला. दरवर्षी पंधरा जूनपर्यंत त्याने दहा शहरांची यादी द्यायची. त्या दहांत त्याला कुणी पाठवू शकत नव्हतं.

"क्लबकडे जी यादी आहे तिच्यात डॅलस नाही. बफेलो आहे," लायल म्हणाला. "खाली सही माझ्यासारखी. मी केलेली नाही."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"मग लीगकडे जा. खेळाडूंच्या युनियनचे वकील आहेत."

"पुरावा नाही." तो खिडकीबाहेर बघत बोलला. "शुक्रवारी सौद्यावर शेवटचा शिक्का बसेल. त्याआधी करणाऱ्याने स्वतः कबूल केलं, तर सौदा रद्द होतो. मला फक्त नाव द्या."

"डॅलसमध्ये वाईट काय आहे?" मर्व्हने विचारलं. "मोठं घर मिळतं, कर कमी."

"तिथे माझा बाप नाही."

म्हातारा आर्नी थीसन नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात होता. उणे पस्तीस अंशांच्या थंडीत पहाटे पाचला पोराला बर्फावर नेणारा हा माणूस आता त्याचा चेहरा ओळखत नव्हता. नंबर तेवढा ओळखायचा. टीव्हीवर निळा एकोणीस दिसला की टाळ्या वाजवायचा. घरचा सामना संपला की लायल जर्सीतच तिथे जायचा, आणि म्हातारा शेजारची खुर्ची थोपटायचा. जागा बदलली तर तो महिना काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"डॅलसची जर्सी हिरवी आहे," लायल म्हणाला. "आणि इथल्या चॅनेलवर डॅलसचे सामने लागत नाहीत."

नेटीने वही उघडली. "पाकीट कुणाकुणाच्या हातून गेलं?"

"यादी डॉरीनने, माझ्या बायकोने, टाइप केली. मी सही केली. आम्ही तळ्यावर होतो. रस्त्यावरच्या पेट्रोलच्या दुकानात तिने पाकीट कोल्बीला दिलं, तो शहराकडे येत होता. त्याने माझ्या एजंटला दिलं, प्रुएटला. प्रुएटने क्लबच्या मॅनेजरला, हॅडलीला."

क्लबच्या ऑफिसात हॅडलीने यादी टेबलावर फेकली. दहा नावं टाइप केलेली. खाली गोल, ठाम सही, शेवटी लांब शेपूट.

"दोघांतला एकच मला कॅपमध्ये परवडत होता. लायल नाहीतर कोल्बी," तो म्हणाला. "डॅलस मे महिन्यापासून लायलला मागत होतं, पेपरातही आलं होतं. यादीत डॅलस असतं तर कोल्बीला विकावं लागलं असतं. नव्हतं. मी काय इथे धर्मशाळा उघडलीय?"

"चौदा वर्षं खेळला तो तुमच्यासाठी."

"आणि पगार घेतला. फार सज्जन समजू नका त्याला. जूनमध्ये मुलांच्या दवाखान्यासाठी दोनशे जर्स्यांवर सही करायची होती. सगळ्या कोऱ्या परत आल्या. एकीवर म्हणून सही नाही."

नेटीने मान वर केली. भिंतीवर फ्रेममध्ये एक फाडलेला करार लावला होता. "आणि हे काय?"

"एकजण सुट्टीत क्वाड, म्हणजे चारचाकी मोटरसायकल, उडवायला गेला आणि पाय मोडून आला." हॅडलीच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. "करारात लिहिलेलं असतं: मोटरसायकल नाही, क्वाड नाही. फाडला. चाळीस लाखांची जागा झाली. सगळ्यांना दिसावा म्हणून टांगलाय."

तिने यादीची प्रत मागून घेतली. जिना उतरताना मर्व्ह म्हणाला, "हाच."

"कशावरून?"

"हसतो कसा, बघितलंस ना."

"तेवढ्यावर कोर्टात उभी राहू?"

एजंट प्रुएट जेवता जेवता बोलला. "लायलही माझा, कोल्बीही माझा. कुणीही गेला तरी माझा टक्का कुठे जात नाही. मी कशाला घाम गाळू?"

"पाकीट कुणी फोडलं?"

"मीच. चांगलं बंद होतं. वाचलं, हॅडलीकडे धाडलं. एका गोष्टीचं नवल वाटलं खरं. मेमध्ये लायलचा फोन होता, मुलगी विनिपेगला कॉलेजात चाललीय, यंदा विनिपेग यादीतून काढतो म्हणून. पण यादीत विनिपेग जसंच्या तसं."

"विचारलं नाहीत?"

"तळ्यावर फोन लागत नाही. म्हटलं, मन बदललं असेल."

बाहेर येऊन मर्व्ह म्हणाला, "मग हा."

"तू सगळ्यांना एकेकदा धरणार आहेस का?"

"गोलीला तेवढंच येतं. येईल ते अडवायचं."

लायलच्या घराच्या अंगणात एक क्वाड उभी होती, हँडल वाकलेलं, वर 'विकणे आहे' अशी पाटी. मर्व्हने सहज किंमत विचारली.

"विकली गेलीय ती," डॉरीन घाईने म्हणाली आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली.

फ्रिजवर सामन्यांचं जुनं वेळापत्रक होतं, मुलीचा फोटो होता, आणि चुंबकाखाली गेल्या वर्षीच्या यादीची सहीसकट प्रत होती. नेटीने ती काढून हॅडलीकडच्या कागदावर ठेवली आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, शेपटासकट.

"मर्व्ह, तुझ्या दोन सह्या कधी इतक्या सारख्या आल्यात?"

"माझी एक सही मलाच वाचता येत नाही."

"म्हणजे गिरवलीय. या प्रती आणखी कुणाकडे असतात?"

"प्रुएटकडे, क्लबकडे," डॉरीन म्हणाली. "आणि इथे, ज्याला दूध काढायला फ्रिज उघडावा लागतो त्या प्रत्येकाच्या नाकासमोर. कोल्बी दोन हिवाळे आमच्या तळघरात राहिला, तेव्हापासून दूध पुरत नाही." ती हसली. पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं बोलली.

कोल्बी रँड सराव संपवून बुटांच्या नाड्या सोडत होता. चोवीस वर्षांचा, गोड स्वभावाचा. लायलचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला.

"त्याने मला भाऊ मानलं," तो म्हणाला. "यादीत काय होतं मला काय माहीत? पाकीट घेतलं, प्रुएटला दिलं."

"त्या दिवशी लायल भेटला?"

"नाही ना. डॉरीनच दुकानात आली. एरवी मासे खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही मला. म्हटलं, लाकडं फोडत असेल."

गाडीत बसल्यावर मर्व्ह म्हणाला, "हा पोरगा नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

नेटीने वहीत एका नावाखाली रेघ मारली. मर्व्हने ओळखलं, आपण पुन्हा चुकलो.

गुरुवारी दुपारी तिने सगळ्यांना लायलच्या स्वयंपाकघरात बोलावलं. सगळे म्हणजे लायल, डॉरीन आणि कोल्बी.

"मॅनेजर कुठाय? एजंट?" मर्व्हने हळूच विचारलं.

"ते आले तर सगळंच बुडेल. बस."

नेटीने दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"सही गिरवलेली आहे, हे पहिल्या दिवशी कळलं. कोडं वेगळंच होतं. सही आपली नाही हे कॅप्टनना इतकं खात्रीने ठाऊक आहे, तर ते लीगकडे का जात नाहीत? उजव्या हाताने हस्तांदोलन करत नाहीत. तो हात कोपराखाली पांढरा, म्हणजे महिनाभर उन्हापासून झाकलेला. जूनमध्ये दोनशे जर्स्या कोऱ्या परत. अंगणात वाकलेली क्वाड. मर्व्ह, काय झालं होतं?"

मर्व्हला या वेळी उत्तर आलं. "मनगट मोडलं होतं. प्लास्टरमध्ये होतं."

"तीन जूनला," डॉरीन म्हणाली. "गावच्या डॉक्टरने बसवलं. आता जुळलंय. जुन्या दहा मोडींत अकरावी म्हणून खपून जाईल."

"मग यादीवर सही कशी केली?"

"डाव्या हाताने," लायल म्हणाला. "पहिलीतल्या पोरासारखी."

"आणि क्लबकडे आहे ती गोल, ठाम," नेटी म्हणाली. "ज्याने खरी यादी बघितली असती त्याला ती वेडीवाकडी सही दिसली असती. तो हीच नेटकी सही गिरवून बसला नसता. विनिपेग काढलेलं दिसलं असतं, तर पुन्हा घातलं नसतं. म्हणजे गुन्हेगाराने खरं पाकीट उघडलंच नाही. गेल्या वर्षीची यादी घेतली, डॅलसच्या जागी बफेलो टाकलं, पाकीट तयार ठेवलं, आणि खरं न बघता फेकून दिलं. प्रुएट आणि हॅडली ही माणसं आधी कागद वाचतात, मग पाप करतात. डॅलस यादीत आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्यांनी बोटही उचललं नसतं. शिवाय विनिपेग निघणार हे प्रुएटला मेमध्येच कळलं होतं. उरला तो, ज्याच्यापुढे गेल्या वर्षीची यादी रोज दुधाबरोबर येत होती. आणि ज्याला लायल त्या दिवशी भेटला नाही, म्हणून प्लास्टर दिसलं नाही."

कोल्बी टेबलाकडे बघत होता.

"उघडलं का नाहीस?" नेटीने विचारलं.

"उघडलं असतं तर हातून झालं नसतं," तो म्हणाला. "त्याची सही बघून झालं नसतं." मग त्याने मान वर केली. "लायल, तुझी दोन वर्षं उरलीत. माझी सात. हॅडली मला कोलंबसच्या संघात धाडणार होता. इथे मी कॅप्टन होईन. तूच म्हणायचास, कॅपला दया नसते."

"मी तुला वाचवण्यासाठी म्हणालो होतो ते," लायल म्हणाला.

"उद्यापर्यंत लीगला फोन कर," नेटी म्हणाली. "सौदा रद्द होईल."

"आणि मी संपेन. बंदी येईल." कोल्बीने लायलच्या हाताकडे बघितलं. मग त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं सगळ्यांना दिसलं. "तुम्ही हॅडलीला बोलावलं नाहीत. मी कबूल केलं नाही तर लीग विचारणार, खरी सही कशी होती, आणि तुम्हाला हात दाखवावा लागेल. आणि हात दाखवला तर त्याचा करार भिंतीवर जाईल."

नेटीने दोन्ही कागद उचलून वहीत ठेवले.

"मी फोन नाही करणार," कोल्बी म्हणाला. मर्व्हला वाटलं, उठून या पोराचे दात हातात द्यावेत. गुडघ्यांनी साथ दिली नाही.

डॉरीनने तोंड फिरवलं. लायलने पांढऱ्या हाताची मूठ वळली आणि सोडली.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "एक काम कर मग. एकोणीस नंबर तू घे."

"काय?"

"हॅडलीला मी सांगतो. बाबा चेहरा बघत नाहीत. नंबर बघतात. निळा एकोणीस बर्फावर दिसला पाहिजे. आणि घरचा सामना झाला की तिकडे जायचं. पाच मिनिटं खुर्चीवर बसायचं. बोलायची गरज नाही."

"लायल, मला ते..."

"वीस लाख दिले तुला, जेवू घातलं. आता हेही घे." आवाज चढला नव्हता. "जा."

कोल्बी गेला. नेटीने वही मिटली आणि फी घेतली नाही. मर्व्हने हे तिच्या हातून पूर्वी कधी झालेलं पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी घरचा सामना होता. लायलने डॅलसहून फोन करून सांगितलं होतं, म्हणून मर्व्ह वृद्धाश्रमात गेला. दुसऱ्या सत्रात निळ्या एकोणीसने गोल केला. छातीवर कॅप्टनचं अक्षर होतं. म्हातारा आर्नी उठून टाळ्या वाजवत राहिला.

"बघितलंस? माझा लायल."

"बघितलं," मर्व्ह म्हणाला.

सामना संपला. चार वाजले, पाच वाजले. परिचारिकेने सूप आणून ठेवलं. पार्किंगमध्ये कुणाचीही गाडी आली नाही. मर्व्हचे गुडघे ठणकायला लागले. त्याने शेजारची खुर्ची ओढली, तसा म्हाताऱ्याने तिच्यावर हात ठेवला.

"तिथे नको," तो म्हणाला. "पोरगा येतोय माझा."

मर्व्ह उभाच राहिला.