आठशे किलोमीटरनंतर

गाडी बंद पडली ती नेमकी गॅरेजसमोरच्या चढावर. दुपारचे दोन वाजलेले, डांबर चपलेला चिकटेल असं ऊन, आणि बॉनेट उघडून एक सडपातळ माणूस इंजिनाकडे बघत उभा... कुठे हात लावावा तेही त्याला कळत नव्हतं.

"पेट्रोल आहे ना?" तिनं गॅरेजमधूनच ओरडून विचारलं.

"आहे. अर्धी टाकी."

ती हात पुसत बाहेर आली. "रुमाल द्या."

"माझा?"

"मग काय माझा? माझ्या रुमालाला ग्रीस आहे."

त्यानं पांढराशुभ्र, इस्त्रीचा रुमाल पुढे केला. तिनं तो बादलीत बुडवला आणि टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाभोवती गुंडाळला. "उन्हात पेट्रोलची वाफ होते, मग पंप नुसती वाफच ओढत बसतो. पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली. तो मात्र हलेना. "आणखी काय काय होतं हो हिला?" त्यानं खिशातून वही काढली. जवळच्याच वाचनालयात तो ग्रंथपाल होता, गाडी मामाकडून आलेली, आणि कुठलीही गोष्ट लिहून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"लिहा," ती म्हणाली. "नऊशे अठ्ठेचाळीस सीसी. चार सिलिंडर. अडतीस हॉर्सपॉवर, तीही नवी असताना. क्रँकला बेअरिंग तीनच, त्यामुळे फार पळवलेलं सोसत नाही. मागच्या बाजूनं तेल गळणार. गळायचं थांबलं तर खूश होऊ नका, तेल संपलंय असं समजा. ठिणगी पाडणारे पॉइंट सारखे साफ करावे लागणार. आणि हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं गॅस्केट दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे जळणार, आज ना उद्या."

"एवढं सगळं होऊनही लोक ठेवतात?"

"ठेवतात. लळा लागतो."

त्यानं तेही लिहून घेतलं! ती खळखळून हसली... आणि तिथंच फसली बिचारी.

मग ग्रंथपाल दर शनिवारी येऊ लागला. कधी हॉर्नचा आवाज बसलेला, कधी आरसा हलतोय. गॅरेज मूळ तिच्या बाबांचं. गुडघे गेल्यापासून ते दारातल्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांची फिरकी घेत. "गाडीला काही झालेलं नाही, पोरी," ते म्हणत, "मालकाला झालंय." तिचे कान लाल होत आणि ती उगाचच गाडीखाली सरकत असे.

पावसाळा सरताना गॅस्केट खरंच जळलं. हेड उतरवून घासून परत बसवायला सहा दिवस लागले. सहाही दिवस तो वाचनालय बंद करून यायचा, उलट्या खोक्यावर बसायचा आणि नटांचा ट्रे मांडीवर धरायचा. पत्र्यावर सर वाजायची. ती न बघता हात पुढे करायची, तो नेमका हवा तो नट हातावर ठेवायचा. बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही काहीच झालं नाही असं दाखवायची.

सातव्या दिवशी तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"बदली झाली. दादा-वहिनी राहतात त्या गावी. सहाशे किलोमीटर." मग थोडं थांबून, "तुम्ही म्हणाला होतात ना, आठशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात? मग... आठशे झाले की इकडे घेऊन येऊ का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच! पण बाई हाडाची मिस्त्री. डोक्यात आधी हिशेब सुरू झाला.

"छे! जायचे सहाशे, यायचे सहाशे. आठशे वाटेतच उलटतील आणि सैल नटांवर गाडी धावेल. गॅस्केट परत जळेल. तुम्हीच आवळा. मी शिकवते."

आणि तिनं शिकवलं, जीव ओतून. इंजिन गार असताना. मधल्या नटापासून बाहेर, आडवंतिडवं. तिचा हात त्याच्या हातावर होता, पान्यावर कुठपर्यंत जोर लावायचा ते दाखवत. त्याच्या मानेवर घाम होता, तिच्या कपाळावर काळा डाग. तो पुसावा म्हणून त्याचा हात उचलला गेला... आणि तसाच खाली आला.

"जमेल मला?"

"न जमायला काय झालं? तुमच्याइतकं नीट ऐकणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

"म्हणजे इथलं काम संपलं."

"संपलं," ती म्हणाली, आणि हात धुवायला वळली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. जन्मात कधी आपलं काम बिघडावं असं तिला वाटलं नव्हतं. आता रोज वाटायचं. एक नट चुकू दे. एकच.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आठशे झाले. आवळले सगळे."

"पाणी गळतंय?"

"नाही."

"गरम होतेय? चढावर?"

"अजिबात नाही."

"तेलात पांढरा फेस? एखादा सिलिंडर मिस?"

"घड्याळासारखी चाललीय. तुम्ही शिकवलंत तसंच केलं."

तिच्याकडे विचारायला एकही बिघाड उरला नाही.

"मला वाटलं होतं काहीतरी बिघडेल," ती म्हणाली. "तुम्ही परत यायला हवे होतात मला. गाडीसाठी नाही हो... मला."



"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं. येऊ का, म्हणून. तुम्ही गॅस्केटचं सांगितलंत. मला वाटलं, नको आहे यांना. वहिनीनं तिच्या शाळेतल्या एका बाईंशी ओळख करून दिली. चांगल्या आहेत. मी परवाच त्यांना लग्नाला हो म्हणालो. पण तुम्ही आत्ता शब्द टाकलात ना, तर मी..."

तिनं डोळे घट्ट मिटले. शब्द ओठांवर होता. आणि डोळ्यांसमोर एक अनोळखी बाई होती, परवापासून खुशीत असलेली.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं? सांभाळून चालवा."

तिनं फोन ठेवला.

"काय म्हणतो ग्रंथपाल?" बाबांनी खुर्चीतून विचारलं. "काय बिघडलं या खेपेला?"

"काही नाही, बाबा. छान चाललीय," ती म्हणाली, आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.