तारेपासून एक मिलिमीटर

“भोकं पाडू नका.”

हे त्याचं पहिलं वाक्य. तसं ते मला नव्हतंच, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला होतं. त्या माणसाच्या हातात ड्रिल होतं, ड्रिलखाली माझी गिटार, आणि गिटार घट्ट धरून मी. माझ्या दुसऱ्या हातात टिकलीचं मनगट. टिकली म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं चार.

मी वळून पाहिलं. काउंटरपाशी एकजण सोल्डरच्या तारेचं भेंडोळं घ्यायला आला होता. बाह्या दुमडलेल्या, भुवयांवर लाकडाचा भुसा.

“गिटार तुमची आहे का?” मी विचारलं.

“नाही ना. माझी असती तर एव्हाना घेऊन पळालो असतो.”

“हा पिकअप स्क्रूनेच बसवायचा असतो. पुस्तिकेत दिलंय. पान सात.”

“पान सात इलेक्ट्रिक गिटारीसाठी आहे, तिचं लाकूड भरीव असतं. हिची छाती अडीच मिलिमीटरची. स्क्रू घुसला की आवाज कायमचा बसला.”

“पान आठवर चिकटपट्टीचं दिलंय. पण वाजवताना निसटली तर?”

त्याने तारेचं भेंडोळं काउंटरवर ठेवलं. “पान आठपर्यंत वाचणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नव्हतं,” म्हणाला. “मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गिटारी दुरुस्त करतो. या.”

ड्रिलवाला म्हणाला, “माझं गिऱ्हाईक माझ्याच दुकानातून पळवतोस?” पण त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण ड्रिल त्याने लगेच खाली ठेवलं.

मी बाहुल्यांच्या नाट्यगृहात वाजवते. पडद्यामागे आम्ही तिघं होतो – बासरीवाले, चेलोवाली आणि मी. बासरीवाले निवृत्त झाले, चेलोवाली लग्न करून परगावी गेली. नाट्यगृह चालवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, “नव्या खेळात पक्षी आहे, हत्ती आहे. नुसत्या गिटारीवर हत्ती कुठून आणणार तू? दहा दिवसांत काही जमलं तर सांग. नाहीतर रेकॉर्ड केलेलं संगीत लावते.” रेकॉर्ड आली की माझं काम गेलं. काम गेलं की दादाकडे, दुसऱ्या शहरात. दादाने खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. टिकलीचे बाबा तीन वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यांचा आता दुसरा संसार आहे. तेव्हा दादाचं काही चूक नव्हतं. फक्त त्याच्या घरात मी तिशीतही धाकटीच असते, इतकंच.

म्हणून तो पिकअप. एका मोडलेल्या बँडकडून मिळालेली बोटभर काळी पट्टी. तिला सहा कान, एकेका तारेखाली एकेक. तार छेडली की तो कान सूर ओळखतो आणि वायरने एका डब्याला कळवतो, मग डबा तोच सूर बासरीत म्हणतो, नाहीतर चेलोच्या खर्जातल्या घुमणाऱ्या आवाजात. म्हणजे वाजवायची गिटार, ऐकू यायचा हत्ती.

त्याच्या दुकानात शिरले आणि सवयीने मोजदाद सुरू केली. प्रत्येक नव्या खोलीत मी ती करते, माझा इलाज नाही. कामाच्या मेजाचा कोपरा – टिकलीच्या कपाळाच्या उंचीवर. स्पिरिटची बाटली खालच्या फळीवर. उघडं सॉकेट. पटाशा हाताशी. गोंद. दाराची फट. सहा. मी टिकलीला मांडीवर घेऊन बसले आणि सोडलं नाही.

“तिला उतरू द्या की,” तो म्हणाला.

“नको. बरी आहे ती.”

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खोलीभर पाहिलं, आणि विषय बदलला. तारा जिथे खाली अडकवतात त्या ब्रिजला खेटून पट्टी बसवायची, स्क्रूने नाही, दुहेरी चिकटपट्टीने. पट्टी आणि तार यांच्यात अंतर हवं एक मिलिमीटर. जास्त झालं तर कानाला ऐकू येत नाही, कमी झालं तर तार पट्टीवर आपटते. आणि माझ्या गिटारीच्या तारा होत्या उंच. पट्टीखाली द्यायला तो लाकडाची पाचर तासणार होता, एका बाजूने नखाएवढी जाड, दुसऱ्या बाजूने कागदाएवढी.

“चार दिवस लागतील.”

“मी रोज येऊन बघितलं तर चालेल?”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“अजून तरी नाही.”

“बरं,” तो म्हणाला. राग आल्यासारखा दिसला नाही. “रोज या.”

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा स्पिरिटची बाटली वरच्या फळीवर होती. मला वाटलं, झाडलोट केली असेल. तिसऱ्या दिवशी सॉकेटवर झाकण होतं. चौथ्या दिवशी मेजाच्या कोपऱ्याला स्पंज गुंडाळून वरून चिकटपट्टी मारलेली, आणि पटाशा भिंतीवर टांगलेल्या, इतक्या उंच की त्यालाच टाचा उंचावून काढाव्या लागत होत्या. घरी जाताना लक्षात आलं, आज टिकली सबंध वेळ जमिनीवर बसून भुशाचे डोंगर करत होती, आणि मी तिच्याकडे बघायच्या ऐवजी त्याच्या हातांकडे बघत होते.

टिकलीने त्याचं नाव तारकाका ठेवलं होतं.

“काका म्हणण्याइतका म्हातारा दिसतो का मी?”

“तिला सगळे पुरुष काकाच.”

“आणि तिच्या आईला?”

“तिच्या आईला सगळे पुरुष…” मी जरा विचार केला. “उशीर करणारे. आज चौथा दिवस आहे. झालं का काम?”

काम झालं होतं. वर त्याने एक जास्तीचं केलं होतं – नव्या तारा चढवल्या होत्या. सोनेरी, झगझगीत, दुकानातल्या सगळ्यात भारी. “ह्या माझ्याकडून,” म्हणाला आणि उगाचच कपड्याने मेज पुसू लागला.

मी डबा जोडला, बासरी लावली आणि बारीक तार छेडली. खोलीत पक्षी बोलला. टिकलीने मान वर करून छताकडे पाहिलं. मग चेलो लावून जाड तार छेडली. डब्यातून उचकी आली. पुन्हा छेडली. उचकी, मग खरखर, मग काहीच नाही.

त्याने पाचर तासली. पट्टी अर्ध्या मिलिमीटरने वर घेतली, मग खाली. डब्यातली प्रत्येक तारेची संवेदनशीलता कमीजास्त केली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बारीक तारा पोपटासारख्या बोलत होत्या, जाड तारांना फक्त कफ झाला होता.

“माझंच चुकतंय,” तो म्हणाला. “मी लाकडाचा माणूस. तुम्ही एखाद्या वायरीवाल्याला दाखवा. त्या ड्रिलवाल्याला.”

“भोकं पाडायला?”

तो हसला नाही. तो हसला नाही म्हणून मला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. त्यात दादाचा फोन. “सोमवारची तिकिटं काढू ना? वहिनी विचारतेय, टिकलीला पडदे निळे चालतील का?” मी म्हटलं, रविवारनंतर सांगते. दादा म्हणाला, “रविवारनंतर काय बदलणार आहे?” याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दादाला सांगण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळी दूध काढताना फ्रिजवरचं ‘ण’ खाली पडलं. टिकलीची अक्षरं आहेत ती, मागे चुंबक असलेली. ते उचलून मी तशीच उभी राहिले. पट्टीतले कान म्हणजे तरी काय, चुंबकंच. लोखंड हललं तरच त्यांना ऐकू येणार. नव्या जाड तारांची कापून टाकलेली टोकं त्याने टिकलीला खेळायला दिली होती, अर्थातच अणकुच्या वळवून. त्यातल्या एकाचं वरचं सोनेरी वेटोळं मी उलगडलं आणि ‘ण’ जवळ नेलं. वेटोळं ढिम्म. चुंबकाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे जाड तारेत कानांना कळणारी होती ती फक्त आतली बारीकशी पोलादी काडी, वरचा सगळा सोनेरी थाट त्यांच्या लेखी नव्हताच.

पदवीला पदार्थविज्ञान घेतल्याचा इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. पण दुकानाच्या पायरीपर्यंत तो उतरला. त्याने आपणहून दिलेली एकच गोष्ट, आणि तीच चुकीची होती, हे मला त्याला सांगायचं होतं.

सांगितलं. ‘ण’ आणि वेटोळं मेजावर ठेवून दाखवलं.

त्याने वेटोळं स्वतः ‘ण’ला टेकवून पाहिलं. “साध्या, पांढऱ्या पोलादी गुंडाळीच्या तारा लावल्या असत्या तर पहिल्याच दिवशी चाललं असतं.”

“हो.”

“मग साध्या का नाही लावल्या मी?”

“ते तुम्हालाच माहीत.”

“तुम्हालाही माहीत आहे,” तो म्हणाला आणि तारा उतरवू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

इलेक्ट्रिक गिटारीच्या पांढऱ्या तारा चढवल्या, जाड तार छेडली… आणि हत्ती उठून उभा राहिला. क्षणभर उशिराने, पण पुरता.

“जरा मागे पडतोय,” मी म्हटलं.

“जाड तार सावकाश हलते. डब्याला तिचं मन कळायला वेळ लागतो. काही माणसांचं तसंच असतं.”

“हे वाक्य आजवर किती जणींना ऐकवलंय?”

“माझ्याकडे कॉलेजची पोरं येतात. त्यांना कशाला ऐकवू?”

रविवारी खेळ चारला. बारा वाजता शेजारच्या मावशींचा निरोप आला – ताप आहे, टिकलीला आज नाही सांभाळता येणार. टिकलीला मी मावशींखेरीज आजवर कुणाकडे ठेवलेलं नाही. दादाकडेसुद्धा नाही. पाच मिनिटं फोन हातात धरून बसले, मग त्याला लावला.

तो तीनला नाट्यगृहाच्या दारात हजर झाला. भुवया स्वच्छ धुतलेल्या. मी त्याच्या हातात कागद दिला. चौदा मुद्दे होते. त्याने तो उभ्याउभ्या सगळा वाचला.

“एक राहिलंय,” म्हणाला. “रडली तर पडद्यामागे तुमच्याकडे आणायचं, की खेळ संपेपर्यंत मी बघायचं?”

हा मुद्दा राहिला नव्हता. मी तो लिहून खोडला होता.

“तुम्ही बघा,” मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

खेळ सुरू झाला. पक्षी छान बोलला. मध्यावर हत्ती तळ्याकाठी येतो, तिथे मी टिकलीला झोपवताना गुणगुणते ती धून घातली होती, कारण दुसरी सुचली नव्हती. चेलोवर चार ओळी झाल्या आणि प्रेक्षागृहातून रडणं ऐकू आलं. शंभर पोरं रडली तरी त्यात मला ते ओळखू येईल.

या पट्टीचं एक आहे – बोट लटपटलं, चुकून दुसऱ्या तारेला नख लागलं तरी डबा तेही सगळ्यांना ऐकवतो. घाबरलेली बोटं तिला लपवता येत नाहीत. रडणं दाराकडे सरकलं. दार उघडलं, बंद झालं. मला गिटार खाली ठेवायची होती. मी वाजवत राहिले. हत्ती पाणी प्यायला, हत्ती झोपला, एकही सूर हलला नाही. बाईंनी दोऱ्या हातात असतानाच माझ्याकडे पाहून मान डोलावली.

खेळ संपल्यावर बाई म्हणाल्या, “पुढचे तीन महिने हाच खेळ. रेकॉर्डचं विसर.” मी हो म्हटलं आणि धावतच बाहेर गेले.

तो अंगणातल्या बाकावर बसला होता. टिकली त्याच्या खांद्यावर झोपलेली, तोंड उघडं, त्याचा शर्ट लाळेने ओला.

“किती रडली?”

“अकरा मिनिटं.”

थोडीशीच, असं सांगता आलं असतं त्याला.

“का रडली?”

“ही आईची धून आहे म्हणाली. म्हणजे आई हत्तीच्या पोटात आहे.”

“मग?”

“हत्तीच्या पोटात फक्त वायर आहे असं सांगितलं. पटेना. मग पिकअप कसा चालतो ते पहिल्या तारेपासून समजावत गेलो. चौथ्या तारेला झोपली.”

मी त्याच्या शेजारी बसले. बाक लहान होता.

“दादाला फोन करायचाय,” मी म्हटलं. “मी जात नाहीये.”

“काम मिळालं म्हणून?”

“कामासाठी थांबायला कुणाला विचारावं लागत नाही. दुसरं एक कारण आहे, त्यासाठी… तुम्हाला विचारायला हवं.”

“विचारा.”

“विचारलं असं समजा.”

तो टिकली उठू नये म्हणून जराही हलला नाही, आवाजही खालीच ठेवला. “हो,” म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून, “हो.”

अंगणातून रस्त्यावर उतरायला सात पायऱ्या आहेत. झोपलेल्या मुलीला पायऱ्यांवरून मी कधीच कुणाला नेऊ देत नाही. त्या दिवशी गिटार पाठीला लावून मी पुढे उतरले आणि तो टिकलीला घेऊन मागून आला. मी वळून पाहिलं नाही.

म्हणजे, एकदाच पाहिलं.