बिनचिठ्ठ्यांचं इंजिन

ज्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. ताईचा नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसायचा, म्हणून ती बाळांना घेऊन आमच्याकडे राहायला येणार होती. घर दोन खोल्यांचं. दादाने दोरीने माप घेतलं आणि जाहीर केलं, की मागची पत्र्याची शेड रिकामी करायची, तिला खिडकी पाडायची, आणि ताईची खोली काढायची.

शेडमध्ये मोठी म्हणावी अशी एकच वस्तू होती. आईची मोटारसायकल.

आई सुईण होती. निरोप आला की डोक्याला रुमाल बांधायची, किक मारायची, आणि जायची. बाईमाणूस मोटारसायकलवर बघून लोक आधी तोंडात बोट घालायचे. मग त्यांच्याच घरी कुणी अडलं, की तोंडातलं बोट निघायचं. मी आठ वर्षांची असताना ती तापाने गेली. बाबांनी गाडीवर गोणपाट टाकलं, आणि बारा वर्षांत एकदाही उचललं नाही. गाडीचं नावही काढलं नाही.

मला आईचा चेहरा नीट आठवायचा नाही. घरात एकच फोटो होता, त्यात नेमके तिने डोळे मिटलेले. आठवायचा तो आवाज... वळणावरून घराकडे येणारा, जाड, संथ, धप... धप... धप. तो आला की मी अंथरुणातून उठून दाराशी पळायचे. तेवढीच आई माझ्याकडे उरली होती, आणि तीही विरत चालली होती.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी भंगारवाला येईल," दादा म्हणाला.

"आणि चालू झाली तर?"

"चालू झाली तर राहील अंगणात, भिंतीला लागून. चालती वस्तू कोण भंगारात घालतो? पण ती व्हायची नाही, बये. बारा वर्षं झाली."

मला फक्त एकदा तो आवाज ऐकायचा होता.

तीनेक दिवसांनी मी पुढच्या खोलीत मशीनवर बसले होते. शिवणकाम हाच माझा धंदा. बाहेर भुरभुर पाऊस. दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला, हातात घडी न केलेला शर्ट.

"खिसा शिवून मिळेल?"

मी शर्ट झटकला, तर त्यातून तीन वॉशर आणि एक नट टेबलावर सांडले.

"हा शर्ट आहे की हार्डवेअरचं दुकान?"

"दुकान मोठं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. "ही शाखा."

मी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून... पण टाचणी उलटी लागली, ती त्याने पाहिलीच. पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या कारखान्यात तो फिटर होता. हात धुवायला नळ कुठे, असं त्याने विचारलं. मी मागचं दार दाखवलं.

तो गेला तो येईचना. खिसा शिवून झाला, दोरा तोडून झाला. शेवटी मी बघायला गेले. तो शेडच्या तोंडाशी उभा होता, गोणपाटाचं टोक हातात धरून. पत्र्यावरचं पाणी थेट त्याच्या मानेवर गळत होतं.

"अहो, पाणी मानेवर पडतंय."

"हो का..." तो हलला नाही. "कुणाची ही?"

"माझ्या आईची."

"त्या चालवतात?"

"चालवायची."

त्याला समजलं. त्याने हात पॅंटला पुसले, एकदा, दोनदा. मग एकाच बोटाने टाकीला स्पर्श केला. तान्ह्या बाळाच्या गालाला लावतात तसं. माझ्या आत कुठेतरी काहीतरी लख्ख झालं. बारा वर्षांत त्या गाडीकडे अडगळ म्हणून न बघणारं पहिलं माणूस होतं ते.

"महिन्याअखेरीला भंगारात जाणार आहे," मी म्हणाले.

त्याने असं बघितलं, जसं काही मी घरातलं म्हातारं माणूस विकायला काढलंय.

"चालू होईल?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "उघडून बघावं लागेल."

त्याने उगीच हो म्हटलं नाही, ते मला आवडलं.

मग तो रोज यायला लागला. कारखाना सुटला की साडेपाचला अंगणात हजर. खिशांतून सतत काहीतरी वाजायचं, म्हणून बाबा त्याला खुळखुळ्या म्हणायला लागले. "आला का गं तुझा खुळखुळ्या?" असं आतूनच विचारायचे. शेडकडे मात्र फिरकायचे नाहीत.

किक खालीच जात नव्हती. इंजिन आतून गंजून धरलं होतं. त्याने प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि तेल ओतलं, आणि म्हणाला, "आता चार दिवस थांबायचं."

"एवढंच? हे मलाही जमलं असतं."

"थांबणं? तुम्हाला? काल खिसा पुन्हा शिवायला दिला, तेव्हा मी दोनदा तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही घाईघाईत तिसऱ्यांदा दोरा तोडत होतात."

"म्हणजे तुम्ही दोनदाच बघितलंत?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी आत पळाले.

पाचव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून आम्ही दोघं मागचं चाक पुढे-मागे हलवत होतो. तो एका बाजूने, मी दुसऱ्या. तासभर काहीच नाही. आणि मग बोट मोडल्यासारखा बारीक आवाज आला... टक्. चाक दोराभर सरकलं. दोराभरच! आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. माझ्या हातावर काटा आला होता. त्याच्याही. आत, लोखंडाच्या पोटात, कशाने तरी बारा वर्षांनी कूस बदलली होती.

त्याने इंजिन उघडलं. गाडीचं पोट मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या शिलाई मशीनच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक होतं, पण हे म्हणजे... एवढ्याशा जागेत इतक्या वस्तू, आणि प्रत्येकीला दुसरीची जागा माहीत! तो एकेक भाग काढायचा, आणि त्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधून पाटावर ठेवायचा. मी बाजूला बसून बघायचे. इतकी बघायचे, की एकदा तो म्हणाला, "नजर लागेल हो इंजिनाला."

"इंजिनाकडेच बघतेय असं कुणी सांगितलं?"

हातातला पाना त्याच्या पायावर पडला.

त्या आठवड्यात त्याने शर्ट चौथ्यांदा आणला. खिसा पुन्हा फाटलेला. मी तो उजेडात धरला.

"हे फाटलेलं नाही. ब्लेडने कापलेलं आहे."

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"शिवणारणीला काय समजता तुम्ही?"

"आता... भाग ठेवायला पाट कमी पडतोय का, ते बघतो," असं पुटपुटत तो मागे गेला.

पुढच्या शनिवारी तो नवीन पॅकिंग आणायला गेला होता. माझ्या मनात आलं, येईपर्यंत सगळं धुऊन ठेवावं. बघून खूश होईल. मी रॉकेलचं घमेलं घेतलं. चिठ्ठ्या मध्ये येत होत्या, तेलाने चिकट झालेल्या. मी कातरीने दोरे कापले, चिठ्ठ्या गोळा करून जाळल्या, आणि प्रत्येक भाग घासून चकचकीत करून पांढऱ्या चादरीवर मांडला.

तो आला. चादरीकडे बघून हसला. मग हसू हळूहळू मावळलं.

"चिठ्ठ्या कुठायत?"

"तो कचरा? जाळला."

"कचरा?" त्याचा आवाज चढला. "अहो, कुठला भाग कुठे बसतो, डावा कुठला, उजवा कुठला, सगळं त्यावर लिहिलं होतं! या गाडीचं पुस्तक नाही कुठे मिळत. वाचून बघायचं तरी एकदा!"

मी चादरीच्या कडेला हात फिरवत राहिले. अंगणात कुणी नव्हतं, तरी सगळं गाव ऐकतंय असं वाटलं.

"मला वाचता येत नाही," मी म्हणाले.

आई गेली तेव्हा शाळा सुटली होती ती सुटलीच. पुढे पंचेचाळिशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले, पण तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. हे मी घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता हा उठेल, पाने-पकडी गोळा करेल आणि जाईल, असं वाटलं.

तो खोक्यावर खाली बसला. मग म्हणाला, "मी चुकलो. तुमच्यावर ओरडायला नको होतं." आणि जरा थांबून, "चिठ्ठ्या मी लिहिल्या, कारण मला आठवत नाही. तुम्हाला... आठवतं का काही?"

मी चादरीकडे बघितलं. एका झग्याचे वीस तुकडे मी कापते; कुठल्याच तुकड्यावर काही लिहीत नाही, पण बाही कुठल्या खांद्याची ते कड बघून सांगते. मी दोन सारख्या दांड्या उचलल्या. एकीचं टोक तिरकं घासलेलं होतं.

"ही मागची. ही पुढची. हा चपटा स्क्रू खालच्या कोपऱ्यातला, त्याच्याखाली तांब्याचा वॉशर होता. हा त्याच्यावरचा. याचा चकाकणारा भाग याच्या या खळग्यात घासत होता, बघा..."

तो बघत राहिला. भागांकडे नाही. माझ्याकडे. मी बोलायची थांबले, तर हलक्या आवाजात म्हणाला, "थांबू नकोस."

तेव्हाच, न विचारता, तो 'तू'वर आला.

दोन आठवडे मी भाग देत गेले आणि तो बसवत गेला. एकदाच आमचं वाजलं. मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, दातेरी चाक बसवताना मी म्हणाले, "याच्यावरची खाच दाराकडे होती."

"भिंतीकडे. पंपांच्या इंजिनात भिंतीकडेच असते. शेकडो बसवलीत मी."

"दाराकडे."

"राणीसरकार, एवढं एक माझं ऐका."

ऐकलं. शेडचं दार लोटून त्याने अंधार केला, प्लग इंजिनाला टेकवला, आणि मला किक दाबायला सांगितली. आणि मी पाहिली... ठिणगी. निळी, तांदळाच्या दाण्याएवढी. एवढ्याशा त्या उजेडाने आई गावोगाव जायची!

शेवटचा रविवार आला. टाकी घासलेली, टायर नवे, तेल ओतलेलं. दहा वाजता त्याने पहिली किक मारली. काही नाही. दहावी, विसावी... काही नाही. मध्येच मागच्या नळीतून बार उडाला आणि शेजारच्यांच्या कोंबड्या छपरावर गेल्या. साडेअकराला भंगारवाला हातगाडी घेऊन फाटकाशी आला. दादाने माझ्याकडे बघून नजर खाली केली. दुष्ट नव्हता तो. ताई मंगळवारी येणार होती.

खुळखुळ्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. "ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दम आहे," तो म्हणाला. "मग का नाही? का नाही?"

"खाच," मी म्हणाले. "दाराकडे."

तो खाली बसला, झाकण काढलं, एक नट सैल केला, ठिणगी नेमक्या वेळी पडावी म्हणून चाक अर्धा फेरा फिरवलं, खाच दाराकडे, आणि नट आवळला.

"भाऊ, मी किती वेळ थांबू?" भंगारवाला म्हणाला.

"एक किक," मी म्हणाले.

त्याने किक मारली.

आधी जमीन हादरली. मग तो आवाज आला. जाड, संथ, धप... धप... धप... आणि मी आठ वर्षांची झाले. पाय आपोआप दाराकडे वळले. मी टाकीवर हात ठेवला. ती कोमट होत होती, थरथरत होती. रडू नाही आलं मला. देवळात उभं राहावं तशी मी उभी होते.

तेवढ्यात आवाज अडखळायला लागला. आणि घरातून कुणीतरी ओरडलं, "अरे, हवा दे तिला, हवा! दम कोंडतोय तिचा!"

बाबा होते. बनियनवर, एका पायात चप्पल. त्यांनी येऊन हॅंडलवरची एक बारीक कळ सरकवली, आणि इंजिन सुरळीत झालं. बारा वर्षांत गाडीचं नावही न काढलेला माणूस ती कळ विसरला नव्हता. ते गाडीच्या दिव्याच्या काचेत स्वतःला बघत राहिले.

खुळखुळ्या मला काहीतरी म्हणाला. इंजिनापुढे ऐकू आलं नाही.

"काय?"

तो पुन्हा बोलला. मी कानाला हात लावला. तेव्हा त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, आणि नेमकं तेव्हाच बाबांनी गाडी मंद केली.

"माझ्याशी लग्न करशील का?"

अंगणभर, फाटकापर्यंत, शेजारच्यांच्या छपरापर्यंत गेलं ते. दादा खोकला. भंगारवाल्याने टोपी काढली.

"उत्तर दे गं बाई," बाबा म्हणाले, "पेट्रोल जळतंय."

"आधी मी चालवणार," मी म्हणाले.

"चालवता येते?" त्याने विचारलं.

"नाही. तू मागे बस आणि सांग."

तो मागे बसला. क्लच हळू सोड, म्हणाला. मी हळू सोडला. पहिल्याच गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, आम्ही वळणापर्यंत गेलो. पाऊस नव्हता, वारा नव्हता, रस्ता रिकामा होता. मी म्हटलं, "हो." त्याने कपाळ माझ्या खांद्याला टेकलं, आणि तेलकट हात माझ्या कमरेला लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना हवेत धरले.

त्याच हिवाळ्यात आमचं लग्न झालं. गाडी अंगणात भिंतीला लागून राहिली, आणि आमच्या दोन्ही मुलांच्या बाळंतपणाला त्याने मला तिच्यावरूनच नेलं.

बाबा लग्नानंतर तीन वर्षांनी, जून महिन्यात गेले. दादा सात वर्षांपूर्वी गेला. माझा नवरा मागच्या वर्षी चार मार्चला, गुरुवारी, सकाळी सव्वासातला गेला. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.