एवढा घाणा होऊ दे

“मिरची कुठाय?” मसाला कांडायच्या गाळ्यावरच्या माणसाने मान वर न करताच विचारलं.

“मिरची नाही आणली. मला फक्त मशीनचा आवाज हवाय. रेकॉर्ड करायला.”

“मिरचीशिवाय मशीन चालत नाही, मॅडम. लोखंडावर लोखंड आपटू काय?”

आली का पंचाईत. जिच्या गाण्यांवर लग्नाच्या वराती नाचतात ती दर्शना, भर मे महिन्यात, मास्क-गॉगल लावून लालबागच्या मसाला गल्लीत मिरची घ्यायला निघाली. बेडगी, शंकेश्वरी, धणे... बाकीचं दुकानदाराच्या भरवशावर. सगळं भाजून घेऊन ती परत आली.

हे गाणं तिचं स्वतःचं होतं. पहिल्यांदाच. नाचायचं नव्हे, बसून ऐकायचं; कोवळ्या वयातल्या दर्शनाला घातलेली हाक. स्टुडिओत सूर लागला, गिटार लागली, फक्त ती मुलगी काही येईना. मग तिला हा गाळा आठवला. आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून आई दर उन्हाळ्यात तिला मशीनपुढे राखण बसवायची, आणि मुसळांच्या धप्-धप् ठेक्यावर ती गात राहायची. ठेका सापडला तर मुलगीही सापडेल, असा आपला तिचा हिशोब.

तिच्या मसाल्याचा घाणा मशीनमध्ये पडला. मुसळं वर-खाली होऊ लागली. दर्शनाने फोन पुढे धरला... आणि शिंकली.

माणसाने मान वर केली. “समेवर शिंकणारी या गल्लीत एकच होती. मास्क काढ, दर्शने. मिरची काय मास्क बघून थांबत नाही.”

त्याच्या कानशिलावर पांढरे केस. डोळे मात्र तेच, मिरचीने कायमचे लालसर झालेले.

“उन्मेष? तू तर बँकेत होतास ना?”

“होतो. तिथे कोणी गात नव्हतं.” मग तोच हसला. “गंमत केली गं. अप्पांचे गुडघे गेले, मग आलो.”

“आई शेवटपर्यंत तुझ्या नावाने बोटं मोडायची,” ती म्हणाली. “‘ह्यो मसालो की अंगारो?’ म्हणायची. तुझ्या हातचा मसाला कायम जास्तच बारीक, राखेसारखा. आमच्या घरात ठरलंच होतं, अप्पांच्या पोराला धंदा जमायचा नाही.”

उन्मेष मशीनकडे बघत राहिला.

“तुझं गाणं संपल्याशिवाय बंद कसं करणार...”

दर्शना हसायला गेली. मग तिला अर्थ लागला.

“बोलला का नाहीस?”

“बोलणार होतो की. तुला न्यायला गाडी आली, त्या दिवशी. म्हटलं होतं, एवढा घाणा होऊ दे, एक सांगायचंय.”

तिला आठवलं. गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर. ‘उद्या सांग’ म्हणून, कांडता मसाला तसाच टाकून ती पळाली होती. तो उद्या काही आला नाही. आधी वेळ नव्हता, मग सवय राहिली नाही, मग तोंड राहिलं नाही.

“आता सांग,” ती म्हणाली. म्हणताना आवाज जरा... फार नाही, जराच हलला.

“आता ललिता सांगते आणि मी ऐकतो.” ललिता त्याची बायको. बोलण्यात तक्रार नव्हती, माया होती. तीच दर्शनाला जास्त लागली. “तू गा. त्यासाठीच आलीस ना?”

ती गायली.

*ओढणीच्या आड हसणाऱ्या मुली,*
*थोडी थांबली असतीस तर...*

मिरचीने घसा सोललेला, सूर चिरकलेला. आणि ती मुलगी आली. पाय दुमडून, नाकाला ओढणी लावून बाजूला येऊन बसली. पण ती दर्शनाकडे बघतच नव्हती. मशीनमागच्या मुलाकडे बघत होती. हे दर्शनाला कधी कळलंच नव्हतं... की कळलं होतं, म्हणूनच ती एवढ्या घाईने पळाली होती?

शेवटची ओळ ओठांवर आली आणि मुसळं थांबली.

उन्मेषने चिमूट बोटांवर चोळून बघितली. “झाला. बरोबर झालाय.”

“गाणं राहिलंय रे अजून. थोडा होऊ दे ना.”

“नको, दर्शने,” तो हळूच म्हणाला. “अंगारा होईल.”

त्याने मसाला पिशवीत भरला, तोंड घट्ट बांधलं. पिशवी देताना बोटं जरा रेंगाळली. कुणाची, ते दोघांनीही बघितलं नाही.

टॅक्सीत तिने रेकॉर्डिंग लावलं. ठेका, चिरका सूर, मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत त्याचं “बरोबर झालाय.” हे कापायचं नाही, तिने ठरवलं. गाणं इथेच थांबू दे.

मांडीवरची पिशवी अजून गरम होती. ड्रायव्हर खोकला, आरशातून त्याने तिचे डोळे बघितले.

“मसाला लागतोय मॅडम. काच खाली करू?”

“राहू दे,” ती म्हणाली.