गुंड्याच्या उंचीवर

रात्रीची गोष्ट असती तर मीही भास म्हणून सोडून दिली असती. पण हे घडलं भर दुपारी, ताईच्या घरी, माझ्याच कॅमेऱ्यात. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

माझा फोटो स्टुडिओ आहे. ताईचं घर विकायचं होतं, म्हणून खोल्यांचे फोटो काढायला गेलो होतो.

भाच्याला, आमच्या गुंड्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर हातचं गेलं.

त्याच्या खोलीचा फोटो काढला, स्क्रीनवर पाहिला आणि...

खिडकीपाशी एक पांढरा गोळा. अंधुक, हलल्यासारखा.

धूळ असणार. फ्लॅशसमोर धुळीचा कण आला की असंच उमटतं, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. लेन्स पुसली. फ्लॅश बंद केला. ऊन नको म्हणून पडदाही ओढला.

गोळा तिथंच... गुंड्याच्या उंचीवर.

पुढच्या फोटोला सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हलू नकोस हं."

या वेळी गोळा आला... अगदी स्पष्ट. जागच्या जागी.

ताई मागेच उभी होती. मी धुळीचं, उजेडाचं सगळं सांगून पाहिलं. तिचा जीव त्या खोलीत अडकला होता. भाऊजींनी किती समजावलं, तरी घर सोडायला तिचा पाय निघत नव्हता.

"त्याचा शेवटचा फोटो तू इथंच काढलास," ती म्हणाली. "हलू नकोस म्हणालास. आता हल म्हणून त्याला कोणी सांगितलंच नाही रे."

मी कॅमेरा खाली घेतला.

"तूच सांग. मामाचंच ऐकायचा तो. त्याला असं उभं ठेवून मी कशी जाऊ?"

रिकाम्या खिडकीशी बोलायची लाज वाटत होती, आणि रडूही येत होतं.

"झालं रे, गुंड्या. जा आता."

पुढच्या फोटोत... नुसती खिडकी.

ताईनं डोळे पुसले. खूप दिवसांनी हसली. त्याच आठवड्यात तिनं घर सोडलं.

मला मात्र अजून झोप लागत नाही. तीच खोली, तोच उजेड, तोच कॅमेरा. धूळ असती तर ती जा म्हटल्यावर गेली असती का?

आणि धूळ नसेल तर...

जा म्हणालो खरा मी. पण कुठे, ते सांगितलंच नाही. एकटा तो कधी जिन्यापर्यंतही गेला नव्हता.